मोटरबोटीचा सगळ्यात काटकसरीचा वेग कसा काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गोसीखुर्द, इटियाडोह, ऊर्ध्व वर्धा, इसापूर, खिंडसी अशा जलाशयांवर मोटर लावलेली नाव चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. नाव मच्छीमार संस्थेची असो, पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य नेणारी असो की पर्यटकांना फिरवणारी, हिशेब एकच. समुद्रावरच्या बोटींचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आपले पाणी उन्हाळ्यात उथळ होते, बुडीत क्षेत्रात खुंटं असतात, आणि मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते. नियम मात्र तेच आहेत, म्हणून आधी नियम आणि मग आपल्या पाण्याच्या खोडी.

थोडक्यात सांगा भाऊ, किती वेगाने चालवायची?

बोट पाण्यात उभी असताना तिचा जेवढा भाग पाण्याला टेकतो त्याची लांबी मीटरमध्ये मोजा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढून साडेचाराने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते आणि ती बोटीची संथ चालीची मर्यादा असते. या मर्यादेच्या पाऊण पटीच्या आसपास बोट सगळ्यात स्वस्तात चालते. पाण्याशी लांबी ५ मीटर असेल तर मर्यादा १०, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास चालवा.

घाई असेल आणि बोट हलकी, सपाट तळाची, पुरेशा ताकदीची असेल, तर सरळ पाण्यावर चढवून, म्हणजे बोट पाणी कापत न जाता पाण्याच्या वरून घसरत धावेल अशी, ताशी ३० ते ३५ ने न्या. ताशी १२ ते १८ या मधल्या पट्ट्यात रेंगाळणे सगळ्यात महागात पडते. नेमकी तिथेच बहुतेक बोटी चालताना दिसतात, कारण तो वेग ‘मध्यम’ वाटतो.

हा साडेचारचा आकडा कुठून आला?

बोट चालली की ती स्वतःची लाट तयार करते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो: लांबीचे वर्गमूळ गुणिले साडेचार, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. बोटीचा वेग वाढला की तिची लाटही लांबत जाते. लाटेची लांबी बोटीएवढी झाली की एक उंचवटा पुढच्या टोकाखाली, दुसरा मागच्या फळीखाली आणि मध्ये खळगा, अशी स्थिती येते. त्यापुढे वेग वाढवला तर मागचा उंचवटा बोटीच्या मागे सरकतो, मागची बाजू खळग्यात बसते, पुढचे टोक वर उठते आणि बोट आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. इथे पेट्रोल दुप्पट ओतले तरी वेग जेमतेम दोन-तीन किलोमीटरने वाढतो.

मर्यादा लांबीप्रमाणे अशी येते: ४ मीटरला ताशी ९ किलोमीटर, ५ मीटरला १०, ६ ला ११, ८ ला पावणेतेरा, १० मीटरला सव्वाचौदा. लांब डोंगा कमी ताकदीत बरा पळतो त्याचे कारण हेच. आखूड, रुंद बोट आरामाची असते पण संथ चालीत तिला लवकर धाप लागते.

तासाला कमीत कमी पेट्रोल खाणारा वेग तोच स्वस्त ना?

नाही. सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मोटर नुसती गिअरमध्ये टाकून रांगू दिली तर ताशी खप सगळ्यात कमी असतो, पण पुढे सरकणेही कमी असते. त्या खपातला मोठा भाग इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणातच जातो. बघायचे ते एका लीटरमध्ये किती किलोमीटर जातो ते. मोटरसायकलचा ॲव्हरेज काढतो तसाच बोटीचा काढायचा. फरक एवढाच की बोटीचा ॲव्हरेज वेगानुसार कितीतरी जास्त हलतो.

दोन स्वस्त वेग आणि मध्ये महाग पट्टा, हे आकड्यांत दाखवाल का?

१६ फुटी फायबर बोट, ४० अश्वशक्तीची चार-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायची) मोटर आणि चार माणसे, असे धरून हिशेबाची मांडणी दाखवतो. आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बोटीचे वेगळे येतील, पण चढउताराचा आकार बहुधा असाच असेल.

१२०० आरपीएम : ताशी ६.५ किमी, ताशी १.३ लीटर, लीटरला ५.०
१८०० आरपीएम : ताशी ९ किमी, २.४ लीटर, लीटरला ३.७५
२५०० आरपीएम : ताशी १२ किमी, ४.८ लीटर, लीटरला २.५
३००० आरपीएम : ताशी १८ किमी, ६.६ लीटर, लीटरला २.७
३६०० आरपीएम : ताशी २९ किमी, ८.३ लीटर, लीटरला ३.५
४२०० आरपीएम : ताशी ३६ किमी, १० लीटर, लीटरला ३.६
५००० आरपीएम : ताशी ४३ किमी, १३ लीटर, लीटरला ३.३
५७०० आरपीएम : ताशी ५० किमी, १५.५ लीटर, लीटरला ३.२

आता जाऊन-येऊन १६ किलोमीटरची फेरी धरा. ताशी १२ ने गेलात तर ६.४ लीटर आणि १ तास २० मिनिटे. ताशी ९ ने ४.३ लीटर, पावणेदोन तास. ताशी २९ ने ४.६ लीटर आणि ३३ मिनिटे. म्हणजे ९ च्या जागी २९ ने गेल्यास पाव-अर्धा लीटर जास्त जाते आणि तासाभराहून जास्त वेळ वाचतो. १२ ने मात्र पेट्रोलही जाते आणि वेळही. ६.५ ने सव्वातीन लीटरमध्ये काम होते, पण अडीच तास लागतात. यातले काय परवडते ते माणसाच्या रोजीवर ठरते. पेट्रोलचा खर्च आणि बोटीवरच्या माणसांच्या वेळेचा खर्च एकाच कागदावर मांडा, मग ठरवा.

हे गणित हलक्या बोटीचे आहे. ओली जाळी, बर्फाच्या पेट्या आणि सहा माणसे घेतलेली १५ अश्वशक्तीची बोट पाण्यावर चढणारच नाही. तिला एकच स्वस्त वेग आहे, संथ.

माझ्या बोटीचा खरा ॲव्हरेज कसा मोजायचा?

लागणारे साहित्य : मोबाइलमधला जीपीएस वेग दाखवणारा कोणताही ॲप (त्याला नेटवर्क लागत नाही, आकाश मोकळे दिसले म्हणजे झाले), घड्याळ, वही, सुटी इंधनटाकी आणि १० ग्रॅमपर्यंत वाचणारा लटकता डिजिटल काटा. टाकी आणि आतले पेट्रोल मिळून जेवढे भरेल तेवढे वजन त्या काट्याला पेलले पाहिजे.

वारा सुटायच्या आत, पहाटे काम उरका. नेहमीचे वजन बोटीत ठेवा, रिकामी बोट मोजून काही कळत नाही. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करा. मग काठाला या, इंजिन बंद करा, टाकीची नळी सोडा आणि टाकी जमिनीवर उभे राहून तोला. डुलत्या बोटीत काटा स्थिर होत नाही. नळी जोडून तिच्यावरचा, पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. हे दर वेळी सारखेच करा, कारण नळीत आणि फुग्यात राहणारे पेट्रोलही हिशेबात येते.

आता थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची मूठ) एका जागी पक्का ठेवून ठरावीक वेळ एका दिशेने, तेवढाच वेळ उलट दिशेने चला. दर मिनिटाला वेग लिहा. परत येऊन टाकी तोला. वजनातला फरक किलोमध्ये घेऊन ०.७४ ने भागा, लीटर मिळतील. डिझेल असेल तर ०.८३ ने भागा. एकूण अंतराला एकूण लीटरने भागले की ॲव्हरेज. पुढच्या वेळी थ्रॉटल थोडा पुढे आणि पुन्हा तेच. सहा-सात जागा मोजल्या की चित्र स्पष्ट होते.

किती वेळ चालायचे? ताशी १० लीटर खाणाऱ्या वेगात पाच मिनिटे जाऊन पाच मिनिटे आले तरी सव्वा किलो पेट्रोल जळते, तेवढे पुरे. पण ताशी १.३ लीटरच्या वेगात दहा मिनिटांत जेमतेम १६० ग्रॅम जाते. काट्याच्या १० ग्रॅमची चूक तिथे ६ टक्के होते. म्हणून संथ वेगात निदान अर्धा तास चालवा.

पेट्रोलची टाकी हाताळताना विडी-सिगारेट लांब ठेवा आणि ऊन चढायच्या आत मोजणी संपवा, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगितले.

टाकीवर खूण करून नाही का चालत?

नेहमीच्या १२ लीटरच्या आडव्या टाकीत नाही. तिचा तळ साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे पातळीतला एक सेंटिमीटर १.२ लीटर. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे वाचले की सगळा हिशेब गेला. काटा नसेल तर टाकी सपाट जागी तोंडापर्यंतच्या एका खुणेवर भरा, फेरी मारा, आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने भरताना किती लागले ते मोजा. तोंड अरुंद असते म्हणून तिथली खूण बरीच अचूक पडते.

परतीची फेरी कशाला? एकदाच मोजले तर?

वारा आणि प्रवाह दोन्ही मोजणीत घुसतात. ताशी २ किलोमीटरचा प्रवाह असेल तर ८ ची बोट एकीकडे १० आणि दुसरीकडे ६ दाखवते. दोन्ही बाजूंना सारखा वेळ चालले की वेगांची सरासरी खरी येते. दोन ॲव्हरेजची सरासरी मात्र काढू नका, ती चुकू शकते. नेहमी एकूण अंतर भागिले एकूण पेट्रोल.

माझ्या मोटरला आरपीएमचा काटाच नाही.

अडत नाही. थ्रॉटलच्या मुठीवर आणि दांड्यावर रंगाचे बारीक पट्टे मारा आणि त्यांना १ ते ७ आकडे द्या. त्याहून बरे म्हणजे प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर. त्याची वायर प्लगच्या केबलभोवती पाच-सहा वेढे देऊन बांधतात, इंजिनात काही खोलावे लागत नाही. मीटरवर स्ट्रोकची सेटिंग बरोबर निवडा. चुकीची निवडली तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि माणूस घाबरतो.

प्रवाहाविरुद्ध जाताना सावकाश जावे की जोरात?

थोडे जोरात. जलाशयाचे पाणी हिवाळ्यात जवळपास स्थिर असते, पण पावसाळ्यात आंभोऱ्याकडे, जिथे कन्हान वैनगंगेला मिळते, वर चढताना प्रवाह चांगलाच जाणवतो. संथ चालीत ताशी खप ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढतो. त्यावरून हिशेब केला तर पाण्यातला वेग प्रवाहाच्या दीडपटीपेक्षा कमी ठेवणे कधीच परवडत नाही. प्रवाह ताशी ४ असेल तर पाण्यात निदान ६ ने चाला. त्याहून हळू गेलात तर पेट्रोल जळत राहते आणि काठावरचे झाड हलत नाही. येताना प्रवाह सोबत असला की थ्रॉटल मागे घ्या आणि पाण्याला काम करू द्या.

समोरून वारा असेल तरी धोरण तेच. उंच छताच्या पर्यटन बोटीला वारा फार धरतो. अशा बोटीची वाऱ्याविरुद्धची फेरी शक्यतो सकाळी लावा.

मे महिन्यात त्याच बोटीला जास्त पेट्रोल का लागते?

तीन-चार कारणे एकत्र येतात. पहिले आणि सगळ्यात कमी ओळखले जाणारे कारण उथळ पाण्याचे आहे. उथळ पाण्यात लाट मोकळी पळू शकत नाही. तिची कमाल मर्यादा खोलीच्या वर्गमुळाला ११.३ ने गुणून येते. एक मीटर खोलीला ताशी ११.३ किलोमीटर, दीड मीटरला पावणेचौदा, दोन मीटरला १६. बोटीचा वेग या आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर गेला की रोध वाढायला लागतो. म्हणजे दीड मीटर पाण्यात ताशी ९ नेसुद्धा बोट जड वाटते, मागची बाजू खाली बसते आणि मागे उंच लाट काठाला धडकते. एप्रिल-मेमध्ये जुन्या नदीपात्राची खोल धार धरून चाला. अंतर थोडे वाढले तरी पेट्रोल वाचते, आणि खुंटांपासूनही बचाव होतो. मोजणीसाठी निदान चार-पाच मीटर खोल पाणी निवडा.

दुसरे कारण हवा. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाला त्याच थ्रॉटलवर कमी ताकद मिळते आणि आपण मूठ आणखी पिळतो. तिसरे, उन्हातल्या काळ्या नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि इंजिन मधेच गचके खाते. टाकी सावलीत ठेवा, वर ओले पोते टाका, पण हवेचे छिद्र झाकू नका.

आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने फरक पडतो का?

पडतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरणे स्वाभाविक आहे. तुमची जुनी मोजणी आधीच्या पेट्रोलवरची असेल तर ती नव्याशी ताडून बघू नका.

त्याहून मोठी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढते, आणि बोटीत पाण्याला काय तोटा! ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पाणी गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलची मुभा दिलेली असते, म्हणून तुमच्या मोटरची पुस्तिका आधी वाचा. जुनी रबरी नळी आणि फुगा चिकट किंवा मऊ लागला की बदला. लागेल तेवढेच पेट्रोल आणा, महिनोन्महिने टाकीत ठेवू नका. इंधन आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे हा फार थोड्या खर्चातला चांगला उपाय आहे.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले तर स्वस्त पडेल ना?

पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटरीत नाही. ठोके पडतात, पिस्टनवर काजळी धरते, प्लग ओले होतात आणि ॲव्हरेजही सुधारत नाही.

टू-स्ट्रोक मोटर हळू चालवली तर प्लग काळे होतात. मग स्वस्त वेग कसा धरायचा?

अडचण खरी आहे. जुन्या कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरीत संथ चालीत तेल नीट जळत नाही. पेट्रोल-तेलाचे मिश्रण पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. बऱ्याच मोटरींना ५० ला १ लागते, म्हणजे लीटरला २० मिलीलीटर, १२ लीटरच्या टाकीला २४०. ‘थोडे जास्त बरे’ म्हणून ४०० ओतणारे प्लग काळे करून घेतात, आणि तेल वाचवायला १०० वर आणणारे पिस्टन घालवतात. नवीन मोटरीला सुरुवातीचे काही तास पुस्तिकेत सांगितलेले दाट मिश्रण द्या आणि ॲव्हरेज त्यानंतरच मोजा. लांब संथ फेरीत अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे मूठ चांगली उघडली की प्लग साफ राहतात. एवढ्याने ॲव्हरेज बिघडत नाही.

हेही ध्यानात घ्या की अशी टू-स्ट्रोक मोटर त्याच ताकदीच्या चार-स्ट्रोकपेक्षा जास्त खाते, आणि सगळ्यात जास्त फरक संथ चालीतच दिसतो. रोजचे काम संथ चालीचे असेल तर नवीन घेताना चार-स्ट्रोकचाच विचार करा.

बोट तीच, मोटर तीच, पण यंदा ॲव्हरेज पडला. आधी काय तपासू?

तळातले पाणी. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळात पाच सेंटिमीटर पाणी साचले तर ते १८० किलोंहून जास्त भरते. तिकीट न काढलेली तीन माणसे रोज बोटीतून फिरत असतात. वरून ते पाणी वेग घेताना मागे पळते आणि मागची बाजू आणखी दाबते. फळ्यांखाली दिसत नाही म्हणून राहून जाते. निघण्यापूर्वी उपसा.

मग बोटीचा तळ. गोड्या पाण्यात शंखशिंपले फारसे चिकटत नाहीत, पण हिरवे शेवाळ पंधरवड्यात धरते आणि वाढत्या वेगात ते ब्रेक लावल्यासारखे काम करते. बोट काठावर ओढून नारळाच्या काथ्याने घासा. तारेचा ब्रश फायबरला लावू नका, चरे पडले की शेवाळ आणखी पक्के बसते.

त्यानंतर पंखा, म्हणजे मोटरच्या पायाला पाण्यात फिरणारी पाती. खुंटाला लागून पात्याची कड वाकली असेल, दाते पडले असतील, तर पाच-दहा टक्के इथेच जातात. नायलॉनच्या जाळ्याचा दोरा पंख्यामागे दांड्यात गुंडाळून बसतो आणि तेलाचे सील कापतो. पंखा काढून बघितल्याशिवाय हे कळत नाही. गिअरचे तेल दुधी दिसले तर समजा पाणी शिरले.

मशीन जोरात आवाज करते, पण नाव पुढं सरकत नाही. काय झालं?

दोन शक्यता. पंख्याच्या मधल्या भागातले रबर सुटले असेल तर दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. बाहेरच्या आणि आतल्या भागावर मिळून पक्क्या रंगाने एक सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर रबर गेले. दुसरी शक्यता, पंखा हवा ओढतोय. मोटरच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वरखाली असावी. आखूड पायाची मोटर ३८ सेंटिमीटर उंचीच्या मागच्या फळीसाठी आणि लांब पायाची ५१ सेंटिमीटरसाठी असते. आखूड मोटर उंच फळीवर बसवली की वळणावर हवा ओढली जाणारच.

पंखा बदलून पेट्रोल वाचते का?

पंखा चुकीचा असेल तर हो. नेहमीचे वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम बघा. तो पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात, समजा ५००० ते ६००० मध्ये, वरच्या अर्ध्यात आला पाहिजे. ४५०० वरच अडकत असेल तर पंख्याची चाल (एका फेऱ्यात न घसरता तो जेवढा पुढे जाईल ते अंतर, इंचांत) जास्त आहे आणि इंजिन गुदमरते. चाल एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो.

पंखा किती घसरतो तेही काढता येते. आरपीएमला गिअरच्या गुणोत्तराने भागा, पंख्याच्या चालीच्या इंचांनी गुणा आणि ०.००१५२४ ने गुणा. हा न घसरता मिळाला असता तो ताशी किलोमीटर वेग. ४२०० आरपीएम, गुणोत्तर २, चाल १३ इंच असेल तर ४१.६ येतात. जीपीएस ३६ दाखवत असेल तर घसरण १३ टक्के, ठीक आहे. पाण्यावर धावताना २० च्या वर गेली तर पंखा, उंची किंवा वजनाची मांडणी तपासा. संथ चालीत घसरण ४०-५० टक्केही दिसते, त्याने घाबरू नका. जड ओझ्याच्या संथ बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी चालीचा पंखा लावला तर ही घसरण बरीच कमी होते.

वजन कुठे ठेवावे?

संथ चालीत बोट आडवी, समतल राहील असे. पाण्यावर चढवताना आधी माणसे आणि टाकी पुढे सरकवा, बोट चढली की थोडी मागे येऊ द्या. मोटरचा कोन बदलायची खीळ मधल्या भोकात ठेवून सुरुवात करा. थ्रॉटल न हलवता खीळ एकेक भोक बदलत जा. ज्या भोकाला जीपीएस सगळ्यात जास्त वेग दाखवतो तो कोन बरोबर. तेवढ्याच पेट्रोलात फुकट मिळालेला वेग आहे हा. पुढचे टोक आपटत नाचू लागले तर मोटर एक भोक आत घ्या. खीळ बदलताना इंजिन बंद ठेवा.

जलपर्णीतून कसे न्यावे?

शक्यतो नेऊच नये. नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात जलपर्णी माजते. पंख्याला मुळांचा एक झुबका लागला तरी ॲव्हरेज निम्म्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे थंडाव्याच्या पाण्याची जाळी बुजते. मोटरच्या बाजूने पडणारी पाण्याची धार सतत बघा. बारीक झाली की लगेच बंद करा, मोटर वर उचला, झुबका काढा. अडकलात तर इंजिन क्षणभर उलट्या गिअरमध्ये टाका, बऱ्याचदा मुळे सुटतात. पट्टा दहा-वीस मीटरचाच असेल तर इंजिन उचलून वल्ह्याने पार करा.

३० फुटी डिझेल बोटीला हेच लागू?

हो, आणि तिथे बचत जास्त ठळक दिसते. साडेआठ मीटर पाण्याशी लांबी धरली तर मर्यादा ताशी १३. अशी बोट ९ ते १० ने चालवा. १० वरून १२ वर गेलात तर ताशी डिझेल सुमारे पावणेदोन पट होते, आणि दर किलोमीटरला जवळपास दीडपट.

बॅटरीची मोटर लावली तर?

काठापासून तीन-चारशे मीटरवरच्या पिंजऱ्यांना खाद्य न्यायला चांगली. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. ३० अँपिअर ओढणारी मोटर त्यावर दीड-पावणेदोन तासांच्या आत थांबवावी लागते. मूठ अर्ध्यावर आणली की पल्ला कितीतरी वाढतो, कारण घनाचा नियम इथेही तोच आहे.

पुराच्या वेळी बचावाच्या बोटीने वेगाचा हिशेब करायचा का?

ॲव्हरेजचा नाही, पल्ल्याचा करायचा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा पूर असेल तर प्रवाहाविरुद्ध जातानाचा खप शांत पाण्याच्या कितीतरी पट होतो. एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हाताशी, हा नियम मोडू नका. मोटर बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर.

मोजणी पुन्हा कधी करायची?

वर्षातून दोनदा पुरे: धरण भरल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि पाणी उतरल्यावर एप्रिलमध्ये. पंखा, मोटर किंवा नेहमीचे ओझे बदलले तर लगेच. मधल्या काळात फक्त एक ठरलेली थ्रॉटलची खूण धरा आणि महिन्यातून एकदा तिच्यावरचा जीपीएस वेग वहीत टाका. तो ताशी एक किलोमीटरने उतरला की टाकी तोलायच्या आधी तळ आणि पंखा बघा.